तात्यांचं कार्ड आणि चार रिकामे ड्राइव्ह

हा एपिसोड ज्यांनी एसटीत, ट्रॅक्टरवर किंवा हॉस्टेलच्या गच्चीवर ऐकला, त्यांनी खाली सरकत जा आणि आकडे तेवढे बघा. बोलताना माझे आकडे गडबडतात, लिहिताना मी तपासून घेतो. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो.

मी सांगवीचा. सांगलीचा नाही, आणि पिंपरी-चिंचवडजवळच्या सांगवीचाही नाही. आमची सांगवी बारामती तालुक्यात, फलटण रस्त्याला, नीरेच्या काठी. गेल्या दिवाळीला घर झाडताना माळ्यावर बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा सापडला. आत सुया, बटणं, एक बंद पडलेलं घड्याळ, दोन सिमकार्ड, आणि कागदाच्या पुडीत गुंडाळलेलं २ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड. करंगळीच्या नखाएवढं. आई म्हणाली, "टाकून दे, किती धूळ बसलीय." मी टाकलं नाही. त्याचं कारण २०११ सालात आहे.

मी आठवीत असताना शाळेत इतिहासाचा प्रकल्प दिला होता: घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत घ्या. माझे आजोबा, म्हणजे तात्या, मूळचे तालुक्याच्या जिरायत भागातले, सुप्याच्या बाजूचे. १९७२ च्या दुष्काळानंतर ते नीरेच्या काठाला आले आणि इथलेच झाले. तर मी वडिलांच्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि तात्यांना बोलतं केलं. वहीत चार ओळी लिहिल्या, मार्क मिळाले, विषय संपला. रेकॉर्डिंग कार्डवर राहिलं.

पुढं काही महिन्यांनी मी त्याच कार्डवर कॉम्प्युटरवरून गाणी भरत होतो आणि लाइट गेली. भारनियमनाचे दिवस, आणि आमचा यूपीएस नावालाच होता. लाइट आल्यावर कार्ड परत लावलं तर विंडोजनं विचारलं, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? मी 'होय' दाबलं. चौदा वर्षांच्या पोराला 'होय' सोडून दुसरं बटण दिसत नाही. तात्या २०१३ ला गेले. त्यांचा आवाज घरात दुसऱ्या कशातही नाही.

म्हणून हा एपिसोड मेमरी कार्ड, त्याचा रीडर, आणि हे दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले की नेमकं कुठं बिघडतं, यावर आहे. आमच्या घरचं भांडण सोडवताना मला प्रत्येक पायरीवर एखाद्या जुन्या माणसाचा जुना निर्णय सापडत गेला. म्हणून हा इतिहासाचाच एपिसोड आहे असं मी धरतो.

आधी कार्डापासून. फुजिओ मासुओका नावाचे इंजिनिअर जपानमध्ये तोशिबा कंपनीत होते. तोवर चिपमध्ये कायमची साठवण करायची म्हणजे ईप्रॉम. त्यातलं पुसायचं असेल तर चिप काढून अतिनील दिव्याखाली काही मिनिटं ठेवावी लागे. मासुओकांनी १९८० च्या सुमारास अशी रचना शोधली की विजेनंच एका फटक्यात अख्खा भाग पुसला जाईल. त्यांचे सहकारी शोजी अरिइझुमी यांना ते पुसणं बघून कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि नाव पडलं फ्लॅश मेमरी. १९८४ ला त्यांनी हे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडलं. आपल्या फोनमध्ये असते ती नँड जातीची फ्लॅश १९८७ ची. मासुओकांना आपल्या कंपनीकडून या शोधाचं चीज झालं असं वाटलं नाही. २००४ ला त्यांनी तोशिबावर दावा लावला आणि २००६ ला ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. आज जगातला जवळपास प्रत्येक फोटो त्यांच्या शोधात राहतो, त्या मानानं ही रक्कम म्हणजे चहापाणी.

या मेमरीत एक बिट म्हणजे काय, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. काचेसारख्या थरात कोंडलेले थोडे इलेक्ट्रॉन. वीज गेली तरी ते कोंडलेलेच राहतात. पण हळूहळू, वर्षानुवर्षं, एकेक निसटतो. डेटा टिकण्याचा हिशेब साधारण १० वर्षांचा धरतात. माझं कार्ड डब्यात त्याहून जास्त पडून होतं.

१९८८ ला अमेरिकेत एली हरारी, कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा आणि जॅक युआन यांनी सनडिस्क नावाची कंपनी काढली. सन मायक्रोसिस्टिम्सशी गोंधळ नको म्हणून १९९५ ला तिची सॅनडिस्क झाली. मग कार्डांचा नुसता बाजार मांडला गेला: १९९४ ला कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९५ ला स्मार्टमीडिया, १९९७ ला मल्टिमीडिया कार्ड, १९९८ ला सोनीची मेमरी स्टिक. कोणाचं कार्ड कोणाच्या खाचेत बसेना. १९९९ ला सॅनडिस्क, तोशिबा आणि पॅनासोनिकवाली मात्सुशिता यांनी एकत्र येऊन एसडी कार्ड जाहीर केलं. त्याच्या लोगोतलं 'डी' अक्षर सीडीसारखं गोल चकाकतं दिसतं, नीट बघा. तो लोगो मुळात तोशिबाच्या, डीव्हीडीच्या शर्यतीत मागं पडलेल्या एका डिस्कसाठी काढलेला होता. शिल्लक होता, तो इकडं लावला. घरात जुन्या साडीची गोधडी होते तसं.

फोनसाठी २००४ ला ट्रान्सफ्लॅश आलं आणि २००५ ला त्याचंच नाव मायक्रो एसडी झालं: १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद, १ जाड.

आता रीडर. आमचा कॉम्प्युटर २००७ च्या दिवाळीतला, बारामतीतून असेंबल करून आणलेला. काकूनं तेव्हा नुकतंच एमएस-सीआयटी केलं होतं. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशननं २००१ ला सुरू केलेल्या त्या कोर्सनं आमच्यासारख्या गावांत माउस पहिल्यांदा हातात दिला, हे आजच्या पोरांना सांगूनही पटत नाही. कॉम्प्युटरला समोर एक कार्ड रीडर होता, चार खाचांचा. आणि त्या रीडरमुळं 'माय कॉम्प्युटर' मध्ये कार्ड असो वा नसो, चार ड्राइव्ह कायम दिसायचे: एफ, जी, एच, आय. क्लिक केलं की विंडोज म्हणणार, डिस्क घाला. मला तेव्हा वाटायचं आपल्याकडं चार हार्डडिस्क आहेत, कुणीतरी कुलूप लावून ठेवलेल्या.

हे असं का? कारण कॉम्प्युटरला कार्ड दिसतच नाही, रीडर दिसतो. यूएसबी १९९६ ची. ती घडवणाऱ्या इंटेलच्या टीममध्ये पुढं होते अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. (सयाजीरावांचं नाव आलं की आपण मराठी माणसं थोडी ताठ बसतो, मीही बसलो.) यूएसबीवरची साठवणुकीची साधनं कॉम्प्युटरशी बोलतात ती भाषा मात्र त्याहून जुनी आहे, स्कझीची. तिचं मूळ ॲलन शुगार्ट यांच्या कंपनीत, जिनं फ्लॉपी ड्राइव्हही बनवले. फ्लॉपी ड्राइव्ह फ्लॉपी नसली तरी जागेवर असतो, दार उघडं ठेवून बसलेला. तेच नातं रीडर आणि कार्डाचं. चार खाचा म्हणजे चार दारं, आणि प्रत्येक दाराला विंडोजनं एक अक्षर देऊन टाकलेलं.

पहिला धडा इथंच मिळतो, आणि रीडर चालत नसेल तेव्हा तो वेळ वाचवतो. रिकामे ड्राइव्ह दिसतायत? मग रीडर जिवंत आहे, केबल ठीक आहे, ड्रायव्हर ठीक आहे. दोष कार्डात, खाचेत किंवा फाइलींच्या रचनेत शोधायचा. ड्राइव्हच दिसत नाहीत? मग कार्डाकडं बघूच नका, खाली उतरा.

मी दिवाळीत माळ्यावरचा तो जुना कॉम्प्युटरही खाली आणला. मुद्दामच, कारण माझ्या लॅपटॉपच्या खाचेत कार्ड ॲडॉप्टरमधून घातलं तर काहीच हालचाल नाही. जुना कॉम्प्युटर सुरू झाला (मलाच आश्चर्य), एक्सपीची हिरवी टेकडी दिसली, पण एफ-जी-एच-आय गायब. म्हणजे रीडरच मेलेला. कॅबिनेट उघडलं. आतला रीडर मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या पिनांना एका पट्टीनं जोडलेला असतो. दोन रांगा, दहा पिनांची जागा, त्यातली एक मुद्दाम नसते म्हणजे उलटं बसू नये. आमची पट्टी उंदरानं कुरतडली होती. रीडर, विंडोज, ड्रायव्हर, सगळे निर्दोष.

बाहेरचा साधा यूएसबी रीडर आणला, पुढच्या पोर्टला लावला. दिवा लागला, विझला, लागला, विझला. मागच्या पोर्टला लावला, स्थिर झाला. पुढचे पोर्ट मदरबोर्डपासून लांब केबलवर असतात, सैल होतात, व्होल्टेज कमी पडतं. ही गोष्ट मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितली नाही. बारामतीच्या दुरुस्तीवाल्यानं दहा सेकंदांत सांगितली होती.

मग अदलाबदल. नव्या रीडरमध्ये माझ्या फोनचं ३२ जीबीचं कार्ड घातलं, तर जुन्या एक्सपीवरही उघडलं. तात्यांचं कार्ड त्याच रीडरमध्ये, काही नाही. कार्ड काढलं, आठ सोनेरी पट्ट्या बघितल्या, काळ्या पडलेल्या. शाळेचं पांढरं खोडरबर घेतलं, हलक्या हातानं फिरवलं, मऊ कापडानं पुसलं. परत घातलं.

ड्राइव्ह दिसला. गाणी दिसली. २०११ ची, १ जीबीच्या वर.

इथं थोडं थांबून या गाण्यांबद्दल बोलतो, कारण हा इतिहास कुणी लिहून ठेवत नाही. आपल्यातल्या लहान श्रोत्यांना माहीत नसेल, पण एक काळ असा होता की मोबाइलच्या प्रत्येक दुकानाबाहेर पाटी असायची: गाणी भरून मिळतील. कार्ड काढून द्यायचं, दुकानदार आपल्या कॉम्प्युटरला लावायचा आणि विचारायचा, "नवी का जुनी? लावणी टाकू का? भक्तिगीतं घरच्यांसाठी?" वीस-तीस रुपयांत कार्ड गच्च. नेट नव्हतं, होतं ते परवडत नव्हतं. हे बेकायदा होतं यात वाद नाही. पण आवाज गावोगाव गेला तो असाच. सहारा वाळवंटातही हेच चालू होतं. ख्रिस्तोफर कर्कली नावाच्या अमेरिकन माणसानं तिथल्या लोकांच्या मेमरी कार्डांवरची गाणी गोळा करून २०११ ला 'म्युझिक फ्रॉम सहारन सेलफोन्स' नावाची रेकॉर्ड काढली. तिकडं माली, मॉरिटानिया. इकडं बारामतीचं एसटी स्टँड. कार्ड तेच.

त्या दुकानांतून गाण्यांबरोबर व्हायरसही यायचे. कार्ड लावलं की फोल्डर गायब, त्याच नावाचा शॉर्टकट हजर. विंडोजमध्ये ऑटोरन होतं, म्हणजे साधन जोडताच त्यातला प्रोग्राम आपोआप चालायचा. सीडीसाठी केलेली सोय कार्डांना लागू झाली आणि त्यांच्यावरून दार उघडं पडलं. फेब्रुवारी २०११ ला मायक्रोसॉफ्टनं अपडेट पाठवून एक्सपीवर ते कार्ड-पेनड्राइव्हसाठी बंद केलं. आणि यात आपल्याकडचीही एक गोष्ट आहे. कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करायचे. मग कॉम्प्युटर दुरुस्तीला लागले, आणि धाकटे भाऊ संजय यांनी गिऱ्हाइकांच्या मशीनवरचे व्हायरस काढायला प्रोग्राम लिहिले. १९९५ ला त्यातून क्विक हील बाजारात आलं, २०१६ ला कंपनी शेअर बाजारात गेली. आमच्या त्या असेंबल कॉम्प्युटरवर तेच होतं, बहुतेक वेळा मुदत संपलेलं.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि पाट्या उतरल्या. आमच्या इथला गाणी भरणारा आता स्क्रीनगार्ड बसवतो.

असो. कार्ड दिसलं. आता मला हवं होतं ते या गाण्यांच्या खाली होतं. किंवा नव्हतं.

कार्डवर फाइली कुठं ठेवल्या याची नोंद ठेवायची पद्धत म्हणजे फॅट. १९७७ च्या आसपास मार्क मॅकडॉनल्ड आणि बिल गेट्स यांनी ती फ्लॉपीसाठी काढली. तलाठ्याचं दप्तर समजा. जमीन वेगळी, सातबारा वेगळा. कार्डाचे छोटे छोटे तुकडे, क्लस्टर, ही जमीन. कुठला तुकडा कुठल्या फाइलीचा ही नोंद पुढच्या टेबलात. २०११ ला लाइट गेली तेव्हा टेबल अर्धवट लिहिलं गेलं. दप्तर फाटलं, जमीन जागेवर होती. विंडोजला दप्तर वाचता येईना, म्हणून त्यानं विचारलं, फॉरमॅट करू? म्हणजे, कोरं दप्तर देऊ का? आता कळतं की तेव्हा 'नाही' म्हणून दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला असता तर बहुधा निभावलं असतं. या टेबलाची दुसरी प्रतही शेजारीच ठेवलेली असते. मला माहीत नव्हतं. त्या प्रश्नात 'आतलं जाईल' अशी ताकीद होती, इंग्रजीत होती.

पण एक्सपीनं मला वाचवलं, ते असं. एक्सपीचं फॉरमॅट, क्विक असो की पूर्ण, जमिनीला हात लावत नाही. पूर्ण फॉरमॅट नुसतं वाचत जातं, खराब जागा शोधत. पूर्ण फॉरमॅट करताना सगळीकडं शून्य लिहिण्याची पद्धत विंडोज व्हिस्टापासून आली. आमच्याकडं तेव्हा नवं विंडोज असतं आणि मी क्विकची खूण काढली असती, तर आज सांगायला काही नसतं. गरिबीचा असाही फायदा.

पुढचं मी लॅपटॉपवर केलं, लिनक्समध्ये, कारण तिथं कार्डावर काही न लिहिता वाचता येतं. तुमच्यावर ही वेळ आली तर क्रम लक्षात ठेवा. सगळ्यात आधी कार्डावर लिहिणं थांबवा, फोटो काढू नका, फोनमध्ये घालूच नका. ॲडॉप्टरवरची लॉकची पट्टी खाली करा. ती कार्डाच्या आत काही करत नाही, रीडरला नुसती खूण देते, म्हणून तिच्यावर पूर्ण भरवसा नको, पण असू द्या. मग अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत एका फाइलीत घ्या. मी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरलं. ते चांगले भाग आधी उचलतं, अडतात ते मागं ठेवून परत परत प्रयत्न करतं. सगळे प्रयोग त्या प्रतीवर. मूळ कार्ड परत पुडीत.

माझं कार्ड जवळजवळ पूर्ण वाचलं गेलं. काही ठिकाणी अडलं. इलेक्ट्रॉन निसटले असणार.

मग फोटोरेक. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा फुकट मिळणारा प्रोग्राम. तो दप्तर बघतच नाही, थेट शेतात उतरतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ठरलेली असते, ती खूण शोधत जातो. दीडशेच्या वर फोटो निघाले: उसाची लागण, आमचा बैल, चुलत बहिणीचा साखरपुडा, वडिलांचा अंगठा बऱ्याच वेळा. नावं जातात, सगळ्यांना नंबर मिळतात. आणि आवाजाच्या दोन फाइली निघाल्या. एकीत १२ सेकंद गोठ्यातला आवाज, चुकून बटण दाबलेला. दुसरीत चुलतभावाचं गाणं. तात्या नाहीत.

त्या रात्री मी झोपलो. दुसऱ्या दिवशी आईला म्हणालो, "नाही सापडलं." ती म्हणाली, "काय होतं त्यात?" मी म्हणालो, तात्या बोलले होते, दुष्काळाचं. ती काही बोलली नाही, पोळ्या लाटत राहिली. मग म्हणाली, "मिलोचं सांगितलं होतं का?"

मिलो म्हणजे ७२ ला परदेशातून आलेली लाल ज्वारी. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून हा शब्द येतो, आणि चेहरा वाकडा होतो. त्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो लोक सरकारी कामांवर खडी फोडत होते, पाझर तलाव खोदत होते, कामावर सुकडी मिळायची. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली, आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. पुस्तकात एवढं सापडतं. सुप्याकडनं नीरेला एक माणूस बायकोपोरं घेऊन कसा आला, हे सापडत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून काम करत महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, १ लाखाहून जास्त. २०१७ पासून त्या 'परी'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लावून. मी ते ऐकत बसायचो तेव्हा वाटायचं, लोकांनी काय काय जपलंय, आणि आपण 'होय' दाबलं.

तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. फोटोरेक सुरुवातीची खूण शोधतं. पण फॉरमॅटनंतर भरलेली गाणी कार्डाच्या पहिल्या टोकापासून ओळीनं बसतात. म्हणजे गाणी जिथं संपली, त्या सीमेवर एखादी जुनी फाइल असेल, तर तिचं डोकं गाण्याखाली गेलेलं असणार आणि धड शिल्लक असणार. डोकं नाही, म्हणून फोटोरेकला ती ओळखू येणार नाही.

त्या काळचे फोन आवाज एएमआर पद्धतीत साठवायचे. ही पद्धत फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेली. आवाजाचे २० मिलिसेकंदांचे काप, प्रत्येक काप ३२ बाइटांचा. सेकंदाला ५० काप, म्हणजे १६०० बाइट, मिनिटाला ९६ हजार. २ जीबीच्या कार्डात साधारण साडेतीनशे तास बोलणं मावेल, बोलायला माणूस असेल तर. मी त्या दोन सापडलेल्या फाइली उघडून नुसते बाइट बघितले. आमच्या फोनच्या प्रत्येक कापाची सुरुवात एकाच बाइटनं होत होती: सोळाच्या गणतीत थ्री-सी. दर ३२ बाइटांनी थ्री-सी, थ्री-सी, थ्री-सी. उसाच्या सरीसारखं सरळ.

पायथॉनमध्ये वीसेक ओळी लिहिल्या. शेवटचं गाणं जिथं संपतं तिथून पुढं जा, आणि ३२ च्या अंतरानं सलग थ्री-सी दिसतायत का बघ. (बीटेकला मी काय शिकलो असं घरात विचारतात. एवढं.)

दिसले. गाणं संपल्या संपल्या सुरू, आणि सलग साडेनऊ हजारांच्या वर काप. डोकं नव्हतं, तर मीच लावलं. एएमआर फाइलीचं डोकं सहाच बाइटांचं असतं: हॅश, उद्गारचिन्ह, ए-एम-आर ही तीन अक्षरं, आणि नवी ओळ. ती पुढं चिकटवली, फाइल सेव्ह केली, व्हीएलसीत उघडली. लांबी ३ मिनिटं ११ सेकंद.

मी एकट्यानं ऐकणार होतो. पण आईला हाक मारली. ती हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली.

वाक्याच्या मधूनच सुरू होतं. तात्यांचा आवाज मी लक्षात ठेवला होता त्यापेक्षा बारीक आहे, आणि मागं कुठंतरी मोटर चालू आहे. आजीला आणि माझ्या वडिलांना गाडीत बसवून ते स्वतः चालत निघालेले. वडील तेव्हा कडेवरचे. नीरेला पाणी बघितलं तेव्हा आधी बैलांना पाजलं, मग माणसांनी प्यालं. मधे दोन ठिकाणी आवाज खरखरतो, तिथलं काही कळत नाही. मिलोचंही आहे. "आरं, ती भाकरी थापली की फुटायची, पर पोटाला काय कळतंय," असं म्हणून ते हसतात, आणि त्यांना खोकला येतो.

शेवटी माझा आवाज आहे, आठवीतला, फुटलेला. "तात्या, पुरे आता, वहीत तेवढं मावत नाही."

फाइल तीन ठिकाणी ठेवलीय. आईच्या फोनवरही टाकली. तिनं विचारलं, यात आणि गाणी भरली तर हे जाईल का?